लाकडाखालचं अक्षर

आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागून गेल्यावर परत घेऊन यायची, हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा ठरलेला नेम. परत न्यायला आलेल्यांच्या हातांत बहुतेक एकनळी बंदुका असतात, नाहीतर रानडुकरांपासून धान राखायला पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली भरमार. अशाच एका निवडणुकीनंतर ओळखीचे एक काका जुन्या धोतरात गुंडाळलेलं लांबोडकं काहीतरी घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "भाऊ, तुमाले जुन्या वस्तूचा नाद आहे ना? घरी या. माह्या आज्याले दिल्ली दरबारात भेटली हे रायफल."

घर मालगुजारी काळातलं. मागे मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलाव, पुढे धानाची बांधी, आणि मधल्या खोलीत भिंतीवर काचेचे डोळे लावलेलं चितळाचं मुंडकं. काकांनी रायफल लाकडी दिवाणावर ठेवली. मी सगळ्यात आधी त्यांनाच बोल्ट उघडून मॅगझिन काढायला लावलं, आणि नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून आत काडतूस नाही याची खात्री करून घेतली. पन्नास वर्षं न झाडलेली रायफल रिकामीच असणार असं सगळे धरून चालतात. अपघात नेमके तिथंच होतात.

मग मी नाव वाचायला गेलो नाही. नवख्याची नजर आधी नळीवरच्या नक्षीदार अक्षरांवर जाते आणि तिथंच फसते. मी लाकूड पाहिलं.

जुनी इंग्रजी बोल्टची शिकारी रायफल समोर आली की पहिला प्रश्न एवढाच: दस्ता एकसंध आहे की दोन तुकड्यांचा? काकांच्या रायफलीत खांद्याकडचा दस्ता वेगळा होता, नळीखालचं लाकूड वेगळं, आणि दोन्हींच्या मधे पोलादी कडं. म्हणजे ही ली घराण्यातली. जेम्स पॅरिस ली हा मूळचा स्कॉटलंडचा, पुढे अमेरिकेत गेलेला कारागीर. त्यानं १८७९ मध्ये खालून लावायच्या पेटीसारख्या मॅगझिनचं पेटंट घेतलं. त्याच बांधणीवर ब्रिटिश सैन्यानं १८८८ साली ली-मेटफोर्ड घेतली आणि १८९५ मध्ये नळीच्या आतले पीळ बदलून ती ली-एनफिल्ड झाली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच.

लाकूड एकसंध असेल तर बहुधा जर्मन माउझरची बांधणी. बोल्ट बाहेर काढून पाहिला की शंका उरत नाही. माउझरच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन जाड कान असतात आणि बाजूला लांब चिमटा, काडतूस ओढून काढणारा. लीचे कान मागे असतात आणि बोल्टचं डोकं पिळून वेगळं होतं. हाताला कळणारा फरक आणखी एक आहे. शिकारी माउझरमध्ये बहुधा बोल्ट उघडताना कमान चढते, तर लीमध्ये बोल्ट पुढे ढकलताना. काकांनी दोन-तीनदा बोल्ट मागेपुढे केला तेव्हा शेवटच्या दोन बोटांवर येणारा तो ताण मी त्यांच्या मनगटात पाहिला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती अनेकांना पटत नाही. लंडनच्या नामवंत घरांनी विकलेल्या बोल्ट रायफलींपैकी बऱ्याच जणींचं पोटातलं यंत्र जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं असतं. जॉन रिग्बी या घराण्याकडे १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधली माउझरची एजन्सी होती. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रायफलही तीच, रिग्बीची .२७५ बोअरची माउझर. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती दिली, आणि तसं सांगणारी चांदीची पट्टी दस्त्यावर बसवलेली आहे. भेट मिळालेल्या रायफलीला पुरावा असतो तो असा. काकांच्या दस्त्यावर पट्टी नव्हती, पट्टी काढल्याची खिळ्यांची भोकंही नव्हती. मी ते तेव्हा बोललो नाही.

आता नावाकडे वळू. नळीवरचं मोठं नाव बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. ते पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. कलकत्त्याचे मँटन, लायन अँड लायन, रॉडा अशी दुकानं बर्मिंगहॅमचा माल मागवत आणि नळीवर आपलं नाव घालून घेत. आर्मी अँड नेव्ही या साहेबी भांडाराची मुंबईतही पेढी होती. (यातली रॉडा म्हणजे तीच, जिचा माल २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगाली क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून पळवला. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं!) नावापेक्षा पत्ता जास्त उपयोगी, कारण दुकानं जागा बदलतात. हॉलंड अँड हॉलंडच्या नळीवर '९८ न्यू बाँड स्ट्रीट' असेल तर रायफल १९६० च्या आतली, कारण त्यानंतर दुकान ब्रूटन स्ट्रीटला गेलं. ही घराणी आपल्या वह्याही जपून ठेवतात. क्रमांक कळवला तर कुठल्या साली, कुणाला, किती इंच नळीची रायफल दिली ते निघू शकतं.

काकांच्या रायफलीवर मात्र दुकानाचं नाव नव्हतंच. यंत्राच्या अंगावर तीन रायफली एकमेकींना टेकून उभ्या केल्याचं चित्र होतं, सैनिक मुक्कामात उभ्या करतात तशा. ही बीएसएची खूण. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी, म्हणजे जिच्या नावाची सायकल आपल्यातल्या अनेकांनी चालवली ती बीएसए. काकांच्या पडवीत तशी एक सायकल गंजत पडली होती, आणि दोन्हींची आई एकच हे ऐकून ते मोठ्यानं हसले.

बीएसएची खूण दिसली तरी एक फाटा तपासावा लागतो. रायफल मुळातच शिकारी म्हणून घडवलेली आहे की सैन्यातून काढलेल्या रायफलीचं लाकूड कापून शिकारी केलेली? सैनिकी असेल तर मधल्या कड्यावर मुकुट, राजाराणीची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल सरळ कोरलेलं सापडतं. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, ई आर म्हणजे एडवर्ड, जी आर म्हणजे जॉर्ज. सरकारी मालाची खूण असलेला पसरट बाण तर जागोजागी असतो, आणि रायफल सैन्यातून विकून टाकली की त्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकतात. असे दोन बाण दिसले तर साल यंत्राचं धरायचं, शिकारी रूपाचं नाही. ते रूप तीस वर्षांनी आलेलं असू शकतं. काकांच्या रायफलीवर ना मुकुटाखाली आद्याक्षरं, ना बाण. कडं गुळगुळीत. ती जन्मानं शिकारी होती. १९१४ पूर्वीच्या अशा नागरी लींवर 'ली-स्पीड' पेटंटचा उल्लेखही सापडतो. एनफिल्डच्या कारखान्यातल्या जोसेफ स्पीड या तंत्रज्ञाच्या नावावरून तो आला. तोही इथे नव्हता. दरबाराच्या कथेला पहिला तडा इथे गेला, पण नसलेल्या खुणेवरून निकाल देऊ नये.

मग आकडा: .३१५. आमच्याकडे सगळे हिला 'थ्री फिफ्टीन' म्हणतात, आणि हा आकडा का हे फारसं कुणी विचारत नाही.

ली यंत्र .३०३ साठी जन्मलं. मग शिकाऱ्याला .३१५ कशाला? उत्तर बंदूक बनवणाऱ्यांकडे नाही, सरकारकडे आहे. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना एक धास्ती कायम होती, सैन्याची काडतुसं लोकांच्या रायफलीत चालतील ही. १८७८ चा शस्त्र कायदा त्याच धास्तीचं अपत्य. सैन्याचं काडतूस .३०३ आहे ना, मग सामान्य परवानेदाराला .३०३ नाही. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवरही हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची होती. लंडनच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापं काढली. वाघ, गवे यांना त्यातला फरक कळण्याजोगा नव्हता. हत्यारांच्या पुस्तकांत ही मापं मोठ्या शोधांसारखी मिरवतात. मला त्यांत सचिवालयातल्या कारकुनाचा टाक दिसतो.

.३१५ ची गंमत तर आणखी आहे. ते काडतूस ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या मान्लिखर रायफलीचं, ८ मिलिमीटरचं. आपल्या सैन्याचं काडतूस रयतेच्या हाती लागू नये म्हणून साहेबानं रयतेला दुसऱ्या साम्राज्याच्या सैन्याचं काडतूस दिलं! बीएसएनं ली यंत्रावर .३१५ ची नळी चढवून हिंदुस्थानच्या बाजारासाठी रायफली काढल्या. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यानं तोच नमुना उचलला आणि भारतात परवान्यावर मिळणारी ठरीव शिकारी रायफल .३१५ च राहिली, कारण .३०३ स्वतंत्र भारतातही निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे .३१५ दिसली की इंग्रजी असं समजू नये. इशापूरची असेल तर तीन रायफलींची खूण नसेल आणि इंग्लंडचे प्रूफचे, म्हणजे नळीच्या तपासणीचे, शिक्केही नसतील.

मापांच्या आकड्यांवर, जाता जाता, फार विसंबू नये. वेस्टली रिचर्ड्सच्या .३१८ रायफलीची गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची, आणि रिग्बीची .२७५ म्हणजे जर्मन ७ मिलिमीटर, गोळी .२८४ ची. आकडा म्हणजे नाव आहे, मोजमाप नाही. मनात शंका असेल तर परवानाधारक कारागीर नळीच्या मागच्या घरात गंधकाचा साचा ओतून खरं माप काढतो. जवळपासचं काडतूस घालून 'बसतं का' पाहणाऱ्यांची बोटं शाबूत राहत नाहीत.

हे सगळं पाहून झाल्यावरही साल सापडलं नव्हतं. ते प्रूफच्या शिक्क्यांत असतं.

इंग्लंडमध्ये तपासणीविना नळी विकणं गुन्हा. तपासणीची घरं दोन. एक लंडनच्या बंदूककारांच्या संघाचं, ज्याची सनद १६३७ ची, आणि दुसरं बर्मिंगहॅमचं, १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलेलं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जबर बार भरून तो उडवतात. फाटली तर फाटली. टिकली की तपासनीस ती निरखतो आणि शिक्के ठोकतो. मालकाची प्रौढी, दुकानदाराची जाहिरात, नंतरच्या पिढ्यांच्या गोष्टी, यांपैकी कशाचाही त्या शिक्क्यांशी संबंध नसतो. म्हणून मी त्यांना मानतो. नियम अधूनमधून बदलत गेले आणि प्रत्येक बदलाबरोबर शिक्के बदलले, यामुळेच ते पंचांगासारखे वाचता येतात.

काकांच्या नळीवर, मागच्या टोकाशी, भिंगातून तीन शिक्के दिसले. प्रत्येकात वर मुकुट, खाली अक्षरं: बी व्ही, बी पी, एन पी. पहिला पाहणीचा, दुसरा बाराचा, तिसरा 'नायट्रो', म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूचा. बर्मिंगहॅमनं हा तिहेरी साज १९०४ मध्ये आणला आणि १९५४ च्या नियमांपर्यंत वापरला. त्यानंतर मुकुटाखाली बी एन पी असा एकच जोडशिक्का आला. लंडनच्या घराचा नायट्रोचा शिक्का असता तर एन पी वर तलवार उगारलेला चिलखती हात दिसला असता.

शेजारी 'कॉर्डाइट' हा शब्द आणि दोन आकडे होते. कॉर्डाइट ही शेवयांसारख्या दोऱ्यांची दारू, १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या दोघा रसायनज्ञांनी काढलेली. आकड्यांपैकी एक दारूचं वजन, दुसरं गोळीचं, दोन्ही ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. .३०३ च्या नळ्यांवर ३१ आणि २१५ हे आकडे नेहमी दिसतात, म्हणजे दोन ग्रॅम दारू आणि चौदा ग्रॅमची गोळी. १९५४ नंतर ही पद्धत गेली आणि नळीवर चौरस इंचाला इतके टन असा दाब कोरू लागले. तेव्हा 'टन' दिसला की नळी १९५४ नंतरची, 'कॉर्डाइट' आणि ग्रेन दिसले की आधीची. हा एवढा नियम लक्षात ठेवला तरी घरातली निम्मी भांडणं मिटतील.

काकांची नळी १९०४ ते १९५४ या पन्नास वर्षांतली ठरली. या काळातला दिल्ली दरबार १९११ चा. कथा अजून जिवंत होती.

पुढचं काम वाड्यात होणारं नव्हतं. नळीखालचं लाकूड खोलायला हवं होतं, आणि ते घरच्या पेचकसानं करायचं नसतं. खाचा सोलवटतात आणि शंभर वर्षांच्या रायफलीचं मोल एका दुपारी उतरतं. त्याहून वाईट म्हणजे 'साफ करून ठेवली' म्हणत सॅंडपेपर मारणारे. शिक्के चार-पाच केसांइतके खोल असतात. ते घासले गेले की रायफल मुकी झाली. काका स्वतः परवानेदार, त्यामुळे तेच रायफल घेऊन नागपूरच्या एका परवानाधारक कारागिराकडे गेले. गंज तपासायचाच होता. मी सोबत होतो.

कारागिरानं दोन पेच सोडवले, लाकूड अलगद खाली घेतलं. आत वाळलेल्या तेलाची पिवळी कात, एक मेलेली मुंगी, आणि लाकडानं झाकलेला नळीचा भाग इतका निळा-काळा की काल रंगवल्यासारखा. त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं कात पुसली. मुख्य शिक्क्यांपासून दूर एक बारीक ठसा वर आला. त्यात तपासनीसाचा आकडा आणि एक अक्षर. मी भिंग धरलं, कारागिरानं दिवा तिरपा केला. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, आडवा टाकला की अक्षराच्या कडेला सावली पडते.

'डी'.

बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं १९२१ पासून वर्षाला अक्षर द्यायला सुरुवात केली. वर्ष जुलै ते जून. ए म्हणजे १९२१-२२, मग बी, मग सी. १९५० मध्ये नवी मालिका सुरू झाली तेव्हा अक्षरं दोन झाली, एबी, बीबी अशी. आमचं अक्षर एकटं होतं आणि डी होतं. जुलै १९२४ ते जून १९२५.

हे तपासणीचं साल, विक्रीचं नाही. रायफल त्यानंतर दुकानात चार वर्षं पडून राहिली असेल. शिवाय नळी बदललेली असेल तर यंत्र जुनं आणि नळी नवी असंही होतं. म्हणून नळीवरचा, यंत्रावरचा आणि बोल्टवरचा क्रमांक जुळतो का ते बघायचं. आमचे तिन्ही जुळले. उरली नव्हती ती दरबाराची शक्यता. तेरा वर्षांनी तपासलेली रायफल १९११ च्या दिल्लीत कुणी कुणाला दिली नाही.

काका बराच वेळ गप्प होते. परतीच्या वाटेवर नागभीड मागे पडल्यावर म्हणाले, "घरी कागदाची पेटी आहे. थे पायली पाह्यजे."

लोखंडासारखा कागदही वाचता येतो, आणि आपल्या भागात तर फारच चांगला, कारण सरकारं बदलत गेली आणि प्रत्येकानं आपला शिक्का मारला. परवान्यावर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' असेल तर तो १९५० च्या आधीचा. 'मध्यप्रदेश' असेल तर तिथपासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचा. त्यानंतर साडेतीन वर्षं मुंबई राज्य, मग १९६० पासून महाराष्ट्र. जिल्ह्याचं नाव 'चांदा' असेल तर कागद बहुधा १९६४ च्या आधीचा. त्याच्या पुढे 'चंद्रपूर' येतं. आणि २६ ऑगस्ट १९८२ नंतर वैनगंगेपलीकडच्या गावांना 'गडचिरोली'. एका माणसानं घर न सोडता चार राज्यांचे परवाने काढलेले मी पाहिले आहेत.

काकांच्या पेटीत हे सगळे थर होते. सगळ्यात वर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरची पत्रं. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदारानं आपलं नाव वन विभागाकडे नोंदवायचं, असं हा कायदा सांगतो. ताडोबाच्या परिघातल्या घरांत अशी पत्रं असतातच. त्याखाली 'महाराष्ट्र', त्याखाली 'बॉम्बे', मग 'मध्यप्रदेश'. तळाशी, वाळवीनं एक कोपरा नेलेला, सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा इंग्रजी कागद, आजोबांच्या नावाचा. त्यात शस्त्रांच्या रकान्यात दोन ओळी होत्या. एक: '.३१५ रायफल, बीएसए', आणि क्रमांक, जो आमच्या नळीशी जुळत होता. दुसरी: 'डीबीबीएल, १२ बोअर'. परवान्यांच्या भाषेत डीबीबीएल म्हणजे मागून भरायची दुनळी बंदूक. 'मध्यप्रदेश'च्या कागदावर ही दुसरी ओळ नाही.

काकांनी तो कागद उजेडाकडे धरला. मग आत हाक मारली. भिंतीला हात लावत त्यांच्या नव्वदीतल्या आत्याबाई आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या. काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आत्या, आपल्या घरी दोन नरीची बंदूक होती का वं?"

म्हातारीनं आधी दिवाणावरच्या रायफलीकडे पाहिलं आणि हात झटकला.

"हे नाई. थे दुसरी. दरबारची. तिच्यावर पाखरं कोरली होती."

आणि बोटांनी हवेत दोन पाखरं काढून दाखवली, एक वर, एक खाली.